मुकादमाचा गुरुवार

भाग्यश्रीच्या प्रोग्रॅमला ऑफिसात सगळे मुकादम म्हणायचे. त्याचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं, पण ते घ्यायला कुणाला सवड? मुकादम हे नाव तिनंच पाडलेलं. कोण रिकामं बसलंय, कोण मान मोडून राबतंय हे बघायचं आणि त्याप्रमाणे कामं वाटायची, एवढंच तर तो करायचा. आणि हिला त्याचं केवढं कौतुक! डबा उघडता उघडता "आज मुकादमानं काय डोकं लावलं माहितीये का" असं तिनं सुरू केलं की बाकीचे एकमेकांकडे बघून हसायचे. पण ऐकायचे हो, कारण भाग्यश्री सांगायला लागली की कोरडं गणितसुद्धा चावडीवरच्या बातमीसारखं रंगायचं.

आता हा मुकादम नेमकं काय करायचा ते आधी ऐकून घ्या, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. घाबरू नका, सोपं आहे. आकुर्डीतली ती कंपनी तशी लहानशीच. बस उलटली तर सीट कुठे वाकेल, गाडी धडकली तर दरवाजा उघडेल का, असल्या गोष्टी खऱ्या गाड्या न मोडता कॉम्प्युटरवर गणित मांडून सांगायची. पण ते गणित एवढं अजस्र, की एका मशीनच्या आवाक्यातलं नाही. मग त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या मशीनला द्यायचा. काही मशीनं आकुर्डीच्या ऑफिसात वरच्या मजल्यावर होती आणि बाकीची चाकणला, कंपनीच्याच एका शेडमध्ये. खरी मेख पुढेच आहे. हे तुकडे एकमेकांसाठी थांबतात. एकाच्या पानात भात पडायचा राहिला की अख्खी पंगत हात आखडून बसते ना, तसंच. एक मशीन रेंगाळलं की बाकीची सगळी त्याच्या तोंडाकडे बघत बसणार. म्हणून कुठला तुकडा कुठल्या मशीनला द्यायचा, हे ठरवण्यात सगळी हुशारी.

पूर्वी तिथे नुसता बाजार होता. जो आधी आला त्याचं काम आधी, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं त्याच्याही आधी. भाग्यश्रीनं दोन वर्षं खपून हा मुकादम उभा केला. मशीनांच्या जुन्या नोंदी त्याच्यासमोर ओतल्या. कुठलं मशीन कुठल्या कामाला किती वेळ घेतं, कधी मोकळं असतं, कधी तुंबतं, हे त्याचं त्यानं शिकायचं आणि मग वाटणी करायची. आणि शिकला की गडी! आठवडाभर लोंबकळणारी कामं अर्ध्या वेळात उरकायला लागली.

तरीही सोमवारी रविराज सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सर म्हणजे या ऑफिसचे प्रमुख. माणूस मनानं चांगला, पण चेहरा कायम दाढ दुखत असल्यासारखा.

"भाग्यश्री, मालकांचं जवळजवळ ठरलंय," ते म्हणाले. "इथली मशीनं काढून टाकायची. सगळं काम हैदराबादच्या ऑफिसातून, भाड्याच्या मशीनवर करायचं. तुलाही तिकडेच जावं लागेल."

"आणि मुकादम?"

"त्याच्यासाठी भांडूनच एक संधी घेतलीय मी. चाकणच्या एका कारखान्याकडून बसच्या सीटचं काम आलंय. त्यांचे लोक शुक्रवारी दुपारी निकाल बघायला येतील. आपल्या मशीनवर, तुझ्या मुकादमाच्या हातून ते वेळेत झालं, तर सगळं इथंच राहील. नाही झालं, तर मग मला तोंड उघडायला जागा नाही बघ."

हैदराबादला जायला लोक उड्या मारतील. भाग्यश्रीचं मात्र तसं नव्हतं. थेरगावात डांगे चौकाच्या मागं दोन खोल्यांचं घर, त्यात आई, बाबा आणि ती. भावंड नाही. लग्नाचा विषय घरात निघायचा आणि तिच्या एका नजरेनं मिटायचा. बाबा म्हणजे भिवा, करमाळ्याकडून तरुणपणी इकडे आलेले, दुचाकीच्या कारखान्यात जन्म काढून निवृत्त झालेले. आता गुडघ्यांनी दगा दिलेला. आई कस्तुरा, तिला बीपी आणि साखर दोन्ही. गोळ्या आणणं, दवाखाना, गॅस, लाइटबिल, सगळं भाग्यश्रीच बघायची. ती गेली तर या दोघांचं कसं व्हायचं, ह्या एकाच विचारानं तिचा जीव टांगणीला लागला होता.

संध्याकाळी तिनं भीत भीत घरी सांगितलं. आई गॅसकडे वळली. आणि बाबा? भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खुर्ची टाकून बसले होते, तिथूनच म्हणाले, "मग जा की! हैदराबाद काय लंडन हाय व्हय? आमी काय कुक्कुली बाळं हाय का?"

भाग्यश्रीला वाटलं होतं, निदान घटकाभर तरी गप्प बसतील. छे! पडत्या फळाची आज्ञा समजून म्हाताऱ्यानं दुसऱ्या दिवसापासून कंबर कसली. बुधवारी ती घरी आली तर शेजारचा समाधान, रिक्षा चालवणारा, दारातच भेटला. "ताई, जयभीम. काळजी करू नका. काकूंना दवाखान्यात मी नेणार. काकांनी सांगून ठेवलंय." आत वरच्या मजल्यावरच्या गोजाबाई आईच्या गोळ्यांची डबी पुढ्यात घेऊन सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली ते पाठ करत बसलेल्या. आणि बाबा नाकावर चष्मा ओढून मोबाइलवर गॅस बुक करत होते.

"झाला बघ! पयल्या फटक्यात झाला!" त्यांनी मोबाइल वर धरून दाखवला.

"मी अजून गेलेसुद्धा नाही, बाबा. आणि तुम्ही माझी कामं वाटूनही टाकली?"

"मग? ऐन टायमाला धावपळ नको. तुझ्याकडं आता काय बी ठेवलं न्हाई. मोकळी हायस तू."

मोकळी! ज्यांच्यासाठी पोरगी रात्रंदिवस ऊर फुटेस्तोवर झटतेय, त्यांनी तिच्या हातात एक कामसुद्धा ठेवू नये? तिनं जेवायला नको म्हणून सांगितलं, गॅलरीत गेली आणि कपडे वाळत घालायच्या निमित्तानं थोडं रडून घेतलं. बाबांना आपल्याला धाडायची एवढी घाई झालीय, हे तिला काही केल्या पचेना.

गुरुवारी सकाळी ऑफिसात आली तेव्हा मात्र स्क्रीन बघून तिचा चेहरा खुलला. मुकादमानं रात्रीतून भलताच हात चालवला होता. चाकणची मशीनं रात्रीपासून मोकळी पडत चालल्याचं त्यानं हेरलं होतं. तिथं दुसरं कुणीच काम पाठवत नव्हतं, सगळं सामसूम. मग काय, सीटच्या गणिताचे बहुतेक सगळे तुकडे त्यानं उचलून चाकणला धाडले होते आणि काम नुसतं धावत होतं. असंच चाललं तर संध्याकाळपर्यंत निकाल हातात.

"योगिनी, बघ गं माझ्या वाघाला!" तिनं शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला हाक मारली. योगिनी चहाचा कप घेऊन उठली आणि तिथं येईपर्यंत स्क्रीनवरची चाकणची सगळी मशीनं लाल झाली. एकजात सगळी. एकही जिवंत नाही.

भाग्यश्रीनं चाकणच्या शेडवर फोन लावला. तिथली देखभाल बघणाऱ्या रोहिदास यांनी निवांत उचलला.

"रोहिदासभाऊ, मशीनं का बंद पडली?"

"लाइट गेली की, मॅडम."

"मग जनरेटर?"

"जनरेटर खोलून ठेवलाय. सर्व्हिसिंगवाले आलेत."

"आजच? आज कुणी सांगितलं?"

पलीकडे रोहिदासना खरोखरच प्रश्न कळला नाही. "मॅडम, आज गुरुवार हाय ना!"

गुरुवार! कारखान्यांच्या या पट्ट्यात ज्यानं एक वर्ष काढलंय, त्याला हे सांगावं लागत नाही. इथं जग रविवारी थांबतं आणि कारखाने गुरुवारी. विजेची दुरुस्तीही गुरुवारीच, कारण यंत्रं बंदच असतात. आणि यंत्रं बंदच आहेत म्हणून जनरेटर खोलायचा तोही गुरुवारीच. चाकणची मशीनं मोकळी का होती? अहो, सगळ्यांनी आपापली तिथली कामं बुधवारीच आवरून घेतली होती म्हणून! मुकादमाला वाटलं, वा, काय शांत जागा आहे.

आणि हे कुणाच्या लक्षातून गेलं? भाग्यश्रीच्या! जिचं सगळं लहानपण गुरुवारावर टांगलेलं होतं, तिच्या! रविवारी गल्लीतल्या दुसऱ्या पोरींचे वडील घरी असायचे, तेव्हा हिचे बाबा कामावर. बाबांना सुट्टी गुरुवारी, तेव्हा ही शाळेत. सेकंड शिफ्ट असली की आठवडाभर बापलेकीची गाठ नाही. मग भिवानं एक वहिवाट पाडली. दर गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते शाळेच्या फाटकाशी उभे राहायचे, आणि शाळा ते घर हा रस्ता जितका लांबवता येईल तितका लांबवायचे. उसाचा रस काय, पवनेच्या काठाला जाणं काय, विचारू नका. शाळेत दुसऱ्या कुणाचाच बाप न्यायला यायचा नाही. बुधवारी रात्री तिला झोप लागायची नाही.

तर अशा पोरीनं मुकादमाला गुरुवार का शिकवला नाही? ऐका. नोंदी त्याच्यासमोर ओतण्याआधी तिनं त्या निवडल्या होत्या, तांदूळ निवडतात तशा. त्यात चाकणचे गुरुवार सगळे रिकामे, अर्धवट, तुटके. असल्या नोंदींनी सरासरी बिघडते म्हणून तिनं स्वतःच्या हातानं ते सगळे गुरुवार काढून टाकले होते. ते रिकामे का आहेत हे तिला इतकं पक्कं ठाऊक होतं, की दुसऱ्या कुणाला ते सांगावं लागेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. बिचाऱ्या मुकादमाचा आठवडा बुधवारावरून थेट शुक्रवारी जात होता. आजवर लोक गुरुवारी आपलं काम चाकणला नको म्हणून स्वतःच सांगत, म्हणून हे कधी उघडं पडलं नव्हतं. परक्या गावातून आलेल्या एखाद्या इंजिनिअरनं त्या रिकाम्या नोंदी बघून दहा जणांना विचारलं असतं. इथल्या माणसाला कशाला विचारावं लागतंय?

तिनं कपाळावर हात मारून घेतला. मग उठली आणि सरळ रविराज सरांच्या केबिनमध्ये गेली. सरांनी विचारायची वाटही तिनं बघितली नाही.

"सर, चाकण बंद पडलंय. चूक माझी आहे, मुकादमाची नाही. मी त्याला गुरुवार सांगितलाच नव्हता."

सरांनी डोळे मिटून घेतले. "लाइट कधी येणार?"

"संध्याकाळी म्हणतात. पण संध्याकाळच्या वेळेचा या लोकांचा काही नेम नसतो."

"मग इथल्या मशीनवर पहिल्यापासून सुरू कर."

"पहिल्यापासून केलं तर शुक्रवारी पुरं होत नाही, सर. अर्धं काम झालंय, पण ते तिथल्या डिस्कमध्ये अडकलंय."

करण्यासारखं राहिलंच काय होतं? भाग्यश्रीला डोळ्यासमोर हैदराबादची गाडी दिसायला लागली, आणि फलाटावर उभे असलेले बाबा. आणि त्याच घडीला तिच्या डोक्यात एक इतकी साधी गोष्ट आली, की तिला स्वतःचाच राग आला. काम तारेतून येत नसेल, तर ते हातात घेऊन आणायचं! मशीन बंद असलं तरी डिस्क काही कुठे पळाली नव्हती.

"योगिनी, गाडीची किल्ली घे. चाकणला जायचंय."

"चाकणला?" योगिनी किंचाळलीच. "अगं, त्या रस्त्यावर जाऊन यायला दिवस जातो! मोशीच्या पुढं गाडी हलत नाही!"

"आज गुरुवार आहे," भाग्यश्री म्हणाली.

आणि खरंच हो! स्पाइन रोड रिकामा, मोशी रिकामी, जिथं कंटेनरच्या शेपटाला शेपूट लागलेलं असतं तिथं कुत्री ऊन खात पडलेली. चाकणचा तळेगाव चौक कधी आला नि कधी मागं पडला, कळलंसुद्धा नाही. ज्या गुरुवारानं गळा धरला होता, त्यानंच वाट मोकळी करून दिली. योगिनी तर एवढी चेकाळली, की मोठ्यानं गाणं म्हणायला लागली.

शेडमध्ये मिट्ट काळोख आणि उकाडा. रोहिदासनी बॅटरी धरली आणि भाग्यश्रीनं एकेक डिस्क ओढून काढली. कुठली कुठल्या मशीनची ते खडूनं त्यांच्यावर लिहिलं. खोक्यात खाली तिनं स्वतःची ओढणी अंथरली, वरून योगिनीची घातली. परत येताना खोकं मांडीवर, आणि गतिरोधक आला की योगिनीवर ओरडणं, "हळू! अगं हळू! पोटुशी बाई बसलीय समज गाडीत!"

ऑफिसात पोचल्यावर दुसरं संकट. आकुर्डीची मशीनं बाकीच्यांच्या कामांनी भरलेली. तिनं मुकादमाला बाजूला बसवलं आणि पूर्वी लोक फिरायचे तशी टेबलाटेबलावर फिरली, फक्त या वेळी मागणारी ती होती. "भावा, तुझं काम उद्यापर्यंत थांबव ना. ताई, तुझंही." कुणी कुरकुरलं, कुणी मागच्या महिन्याचं उट्टं काढलं, पण एकेकानं आपलं काम थांबवलं. इतक्या दिवसांत मुकादमाच्या गोष्टी ऐकून ऐकून सगळ्यांचाच त्याच्यावर जीव जडला होता की! मग तिनं मुकादमाला पुन्हा कामावर घेतलं, आधी गुरुवार शिकवला, मग डिस्कमधलं अर्धं काम त्याच्या हवाली केलं. संध्याकाळी घरी निघाली तेव्हा काम चालू होतं, पण वेळेत होईल की नाही हे सांगायची कुणाची छाती नव्हती.

शुक्रवारी दुपारी चाकणची मंडळी आली तेव्हा शेवटचे तुकडे चाललेलेच होते. सरांनी त्यांना चहा दिला, वर वडापाव मागवला, हवापाण्यावर बोलले, गणपतीच्या वर्गणीवरही बोलले. बोलायला काही शिल्लक राहिलं नाही तेव्हा भाग्यश्रीनं दारातून मान हलवली. निकाल आला होता. सीट पुढच्या पायाशी वाकत होती, नेमकी कुठं आणि किती, सगळं चित्रासकट.

चाकणची मंडळी खूश झाली. सरांना मग राहवेना, त्यांनी कालचा सगळा किस्सा सांगून टाकला. ऐकून त्यांच्यातला एक जण खो खो हसत सुटला. "गुरुवारी चाकणला काम पाठवलं? कुठलाय हो हा मुकादम?"

"नवीन आहे," भाग्यश्री म्हणाली. "आता राहील इथं, तर कळेल त्याला."

राहील का, हेच तर अजून ठरायचं होतं. सर मालकांना फोन करायला आत गेले. बराच वेळ दार बंद. बाहेर आले तेव्हाही चेहरा तसाच, दाढ दुखल्यासारखा, त्यामुळे कुणाला काही अंदाज येईना.

"मशीनं इथंच राहणार," ते म्हणाले. "तू पण."

भाग्यश्री जिन्यात गेली आणि घरी फोन लावला. बाबांनीच उचलला.

"बाबा, मी नाही जात हैदराबादला."

"म्हंजे?"

"काम झालं वेळेत. मशीनं इथंच राहणार. मी पण."



"अगं पण..." बाबांचा आवाज आला, "मी त्या समाधानला... गोजाबाईला बी..." आणि पुढं शब्दच फुटेना. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, मग आईचा.

"काय सांगितलंस गं त्यांना? ढसाढसा रडायलेत बघ, लहान पोरावाणी."

"आई, मी जात नाहीये, एवढंच सांगितलं."

कस्तुरानं सुस्कारा सोडला. "मग रडू दे. सोमवारपास्नं धड जेवलेले न्हाईत. रातभर खुर्चीत बसून असायचे. मी म्हणले, मग सांगा की पोरीला, नको जाऊ म्हणून. तर माझ्यावरच खेकसले. म्हणले, तिला कळू द्यायचं न्हाई, आपल्या पायी पोरीचा पाय अडकायला नको. म्हणून ती सगळी कामं वाटत फिरत व्हते."

भाग्यश्री जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. बुधवारपासून केवढा राग धरला होता तिनं! केवढी मूर्ख ती! डोळ्यांना धार लागली, ती तिनं ओढणीच्या टोकानं पुसली.

"आई, फोन त्यांच्या कानाला लाव."

"त्यांना बोलता येईना गं."

"नाही बोलले तरी चालेल. ऐकू दे नुसतं."

आणि तिनं सुरुवात केली. मुकादमानं चाकणला कशी धाव मारली, लाइट कशी गेली, रोहिदासभाऊ काय म्हणाले, गुरुवार कसा तिनंच निवडून टाकला होता. मोशीचा रस्ता कसा ओस पडलेला आणि योगिनीनं किती बेसूर गाणी म्हटली. पलीकडून फक्त नाक ओढल्याचा आवाज यायचा. जिन्यातून जाणारे-येणारे तिच्याकडे बघत होते, तिला त्याची शुद्ध नव्हती. डिस्कांच्या खोक्यापर्यंत ती आली, तेव्हा बाबांनी घसा खाकरला.

"पोरी," ते म्हणाले, "आता गप. घरी ये आन समोर बसून सांग."

"आलेच," ती म्हणाली, आणि सरांना न विचारताच पर्स घ्यायला वर पळाली.